बससाठी सही

दवाखान्याच्या काउंटरवर मिरान नोंदी करत होती, पण कान बाकावरच्या बोलण्याकडे होते. तिथे माल-सुन नावाच्या बाई, गावात बस सुरू व्हावी असा नियम नगर परिषदेकडून करून घेण्यासाठी सह्या गोळा करत होत्या.

“ओक-बुनताई, तुमची सही?”

“आमच्या यांना बस नकोय. घरात गाडी आहे म्हणतात.”

“चालवतं कोण?”

“तेच.”

“आणि तुम्ही?”

“मी त्यांची वाट बघते. पण घरामागे एकच सही ना?”

“छे! कायद्यात घरं नाही, माणसं मोजतात.”

“नगर परिषद वाचेल?”

“पुरेशा सह्या झाल्या की चर्चेला घ्यावंच लागतं.”

“मी सांगितलं तरी?”

“तुम्ही सांगितलं तरी.”

मिरानने पुकारलं, “सोंग ओक-बुन, आत या.”

“थांब गं पोरी, नाव लिहितेय माझं.”