वैशूच्या पायाचं माप

माझं गाव लांज्याजवळ, आम्ही पाच भावंडं, मी मधला, नववी नापास. काय सांगू तुम्हाला ताई, नापास झालो म्हणून तर दुबईला आलो, पास झालो असतो तर तालुक्याच्या कचेरीत शिपाई होऊन सुखात राहिलो असतो. ब्याण्णव साली आलो, वैशू तेव्हा तीन वर्षांची, तिची आई सुनंदा तिला घेऊन माझ्या आईजवळ गावाला राहिली. मी जबल अलीला गोदामात फोर्कलिफ्टवर. कॅम्पात एका खोलीत आठ जण, पहाटे पाचला कंपनीची बस, यल्ला यल्ला करत सुपरवायझर दार बडवायचा, न् तिथल्या उन्हाचं तर नावच काढू नका.

सुट्टी मिळायची दोन वर्षांनी, दोन महिने. जायच्या आधी आमचं सगळ्यांचं एक ठरलेलं, घरून पोरांच्या पायाचं माप मागवायचं. पोराला वहीच्या कागदावर उभं करायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची, न् तो कागद पत्रात घालायचा. इकडं आम्ही तो पाय कात्रीनं कापायचा न् दुकानात बुटात सरकवून बघायचा. दुकानदार मलबारी, तो विचारायचा, भाईसाब, बच्चा कितने साल का है? मी म्हणायचो, साल मत पूछ, ये देख. खोलीत ज्याच्या त्याच्या उशीखाली असला एक पाय असायचाच.

वैशूचा कागद आला तेव्हा ती सात वर्षांची. लाल बूट घेतले. न् ऐन वेळी मॅनेजर म्हणाला, अभी नहीं, शिपमेंट है, दो महिना रुको. दोनाचे नऊ झाले. बूट माझ्या पेटीत. कागद वाढत नाय पण पोरगी वाढते, एवढी अक्कल मला नाय आली बघा. रोज पेटी उघडून बूट पुसायचो फक्त.

घरी पोचलो तर वैशूनं पाणी आणलं, कपाटातल्या चांगल्या काचेच्या ग्लासातनं. बूट घातले, हसली, वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी देवीच्या जत्रेला गेलो, चार मैल जायचं, चार यायचं, पोरगी माझ्या बाजूनं चालतेय, हूं नाय की चूं नाय. संध्याकाळी सुनंदा ओरडली, अहो, हे बघा आधी. टाचांची सालं गेलेली, मोजा रक्तानं चिकटलेला. मी म्हटलं, अगं वेडे, सांगायचं ना, मी बाप ना तुझा? तर काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, आजीनं सांगितलंय, पाहुण्यानं आणलेल्याला नाव ठेवू नये.

पडवीत जाऊन बसलो. रडलो, खोटं कशाला सांगू. राग तरी कोणावर काढणार? दोन वर्षांनी दोन महिने येतो त्याला पाहुणाच म्हणतात.

मग एकच घेतलं डोक्यात, फॅमिली आणायची. फॅमिली व्हिसाला पगार लागतो, हुद्दा लागतो, तो फोर्कलिफ्टवाल्याला कुठला? शुक्रवारी सगळे घोरत पडायचे, मी एका क्लार्ककडे जाऊन कॉम्प्युटर शिकायचो, दोन बोटांनी टकटक, टकटक. सहा वर्षं गेली त्यात. शेवटी स्टोअरकीपर झालो.

आता वर्ष झालं, इथंच दुबईत ऊद मेथा भागात एक खोली घेतली, दोघी आल्या. मला वाटलं, संपला वनवास, खलास. पण वैशू चौदाची झालेली ना. फ्रीज उघडायचा तर विचारायची, बाबा, घेऊ का? मी घरात शिरलो की उठून उभी. सहा महिने, आठ महिने, तेच. मी सुनंदाला म्हणायचो, उशीर झाला गं आपल्याला. ती म्हणायची, होईल, इन्शाल्ला. इथला हाच एक शब्द तिनं पहिला उचलला.

परवा मी वैशूला म्हटलं, टीव्ही बंद कर, पुस्तक घे. तर उसळली की हो! यू डोन्ट नो एनीथिंग, बाबा! न् दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली. सुनंदा हात उगारून धावली. मी म्हटलं, थांब गं, थांब. ओरडू दे. पाहुण्यावर कोण ओरडतं का?

दमलोय ताई. कंबर गेली, बस अजून पहाटेचीच आहे, न् पोरीला माझं निम्मं बोलणं पटत नाय. पण त्या दाराबाहेर उभा राहिलो, आत ती मुसमुसतेय, न् मी मनात म्हटलं, भांड बये, खूप भांड, देव तुला चांगला घसा देवो.