मधला महाल

अहो, घटस्फोट झालेला म्हणजे काय लगेच नासकं फळ झाला का? बसा, थोंगभाऊ, बसा — या दगडाला ऊन छान लागतं. सूर्यफुलाच्या बिया घ्या. तुमच्या छत्रीवर चिकटवलेला कागद मघाशीच वाचला मी — मुलगी दाताची डॉक्टर, वाघाच्या वर्षातली, जन्म इथलाच, पेइचिंगचा. आमचा युनशेंग कुत्र्याच्या वर्षातला. वाघ आणि कुत्रा — जमतंच! लिफ्ट दुरुस्त करतो, दारू नाही, सिगारेट नाही, आईला उलटून बोलणं नाही. दर रविवारी या बागेत एवढे आईबाप पोरांची लग्नं जमवायला येतात, त्यांत असा मुलगा सापडेल का? नाही सापडणार. तो येतच नाही मुळी, मीच येते.

घर? घर स्वतःचं आहे हो! त्या खंदकापलीकडे जुन्या बादशहांच्या महालाची भिंत दिसते ना, तिच्याच पश्चिमेच्या गल्लीत. नोकरीही त्याच महालात केली मी — निवृत्त होईपर्यंत मधल्या दालनाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचं आणि 'उंबऱ्यावर पाय देऊ नका' म्हणून ओरडायचं. आणि आमचं घर कसं, तर अगदी त्या मागच्या तीन महालांसारखं! पुढचा बादशहाचा, मागचा राणीचा, आणि दोघांच्या मध्ये छोटासा चौकोनी — आकाश आणि पृथ्वी जिथे भेटतात म्हणतात, तो. आमच्याकडे पुढे बैठक आणि स्वयंपाक, मागे युनशेंगची खोली, आणि मध्ये — मध्ये मी. सगळं एका रेषेत, एकातून दुसऱ्यात. हसताय काय? राज्याचे सगळे शिक्के मधल्याच महालात ठेवायचे, पिवळ्या रेशमाखाली झाकून. माझ्याही खोलीत घराची कागदपत्रं, किल्ल्या, सुनेच्या सोन्याच्या बांगड्या — म्हणजे तेव्हाच्या सुनेच्या. कुणीतरी सांभाळायला नको का?

तेच तर! लान्यिंगला तेच पटलं नाही. पहिली सून हो. दिसायला गोड, पण राग कायम नाकावर. आमच्या गल्लीत कुणाच्याच घरात संडास नाही, ठाऊकच आहे तुम्हाला — रात्री जायचं तर माझ्या पलंगाशेजारून. मग जा की! मी काय अडवत होते? फक्त विचारायचे — कोण? कुठे निघालीस? अंगात काही घातलंस का? एवढंच. काळजीपोटीच ना? शिवाय कढईचा धूर खोलीत येतो म्हणायची. म्हटलं, बाई गं, राणीच्या महालात ती लग्नाची लाल खोली आहे ना, तिच्या शेजारच्याच दालनात देवासाठी डुकरं शिजवायचे, ह्या एवढाल्या कढयांत — कुठल्या राणीने नाक मुरडलं? तर म्हणते कशी, "म्हणूनच राण्या तिथे लग्नापुरत्याच राहायच्या!" उचलली जीभ लावली टाळ्याला! ... खरं होतं म्हणा. मीच सांगितलं होतं तिला ते.

मग युनशेंगने काय करावं? माझ्यासाठी शहराच्या पार टोकाला, थुंगचौला घर घेतलं. लहानसंच, पण लिफ्ट आहे, संडास आत, नळाला गरम पाणी. आई, आता आराम कर म्हणाला. म्हटलं, वा रे पठ्ठ्या! छ्येनलुंग बादशहानेही गादी सोडायच्या आधी म्हातारपणासाठी महाल बांधून ठेवला होता. ईशान्येच्या कोपऱ्यात — बाग, नाटकाचा रंगमंच, कशाला म्हणून कमी नाही. राहायला गेला का? नाव नको! मरेपर्यंत आपल्या जुन्याच महालात ठाण मांडून बसला. आणि मुलगा — नवा बादशहा बरं का, गादीवर बसलेला — तो पूर्वेच्या एका महालात तोंड मिटून. काही अडलं का कुणाचं? राज्य चाललंच ना?

अं? त्या मुलाला काय वाटत असेल? ... हे मला कुणी विचारलं नव्हतं कधी. लोक विचारायचे ते संडास कुठे आहे एवढंच. काय वाटणार? वडीलच ते. पण — बाप गेला मात्र, थोड्याच दिवसांत त्याने बापाच्या लाडक्या कारभाऱ्याला संपवलं. म्हणजे वाटत असणार काहीतरी. साठवून ठेवलेलं असणार.

युनशेंग तसा नाही हो. तो बोलतच नाही. लान्यिंग गेली ना, ती माझ्या पलंगाशेजारूनच बॅग ओढत गेली — आणि मी आपली सवयीने विचारते, कुठे निघालीस? अंगात काही घातलंस का? तिने सांगितलं नाही. तो आतच बसून राहिला. तेव्हापासून रात्री बाहेर जायचं झालं की चपला हातात घेऊन जातो. माझी झोप मोडू नये म्हणून नव्हे, मी विचारू नये म्हणून. आणि मी जागीच असते, थोंगभाऊ. विचारत नाही आता. भिंतीकडे तोंड करून पडून राहते, तो परत येईपर्यंत.

उठलात? अहो, छत्री कशाला मिटताय — मी आपली गंमत सांगत होते! मुलीला नुसतं चहाला पाठवा — काय? मी कुठे राहणार? मी — अहो, मी असले म्हणून — बरं. बरं, राहीन की थुंगचौला. राहीन म्हटलं ना! नाही, त्याला कुठलं सांगितलेलं? आत्ता तर तुम्हाला सांगतेय. असं बघू नका माझ्याकडे. जा, जा तुम्ही, व्हा पुढे. मला फोन करायचाय.

हॅलो — युनशेंग? मीच. नाही रे, काही झालं नाही, बागेतच आहे. ऐक — त्या थुंगचौच्या घरी पलंग आणलायस, की आणायचाय अजून? ... पलंग, पलंग. मला झोपायला. ... युनशेंग? ... अरे, बोल की.