कैलासवासी डॉक्टर त्र्यंबकरावांचं पुढचं मडगार्ड

सन्माननीय अध्यक्ष अण्णासाहेब, आणि एवढ्या उकाड्यात वाचनालयाच्या या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या सज्जनहो,

बोलायला उभा राहिलो खरा, पण शब्द जुळत नाहीत. मी वर्तमानपत्राचा बातमीदार. सोलापुरातला कुणीही गेला की त्याला चार ओळींत बसवून पुण्याला पाठवायचं, हा माझा धंदा. डॉक्टर त्र्यंबकराव काही केल्या बसत नाहीत. पाय बाहेर राहतात.

मघापासून ऐकतो आहे. डॉक्टर सेवाभावी होते. होते. डॉक्टर अध्यक्षांचे जिवलग होते. होते. डॉक्टर निरिच्छ होते, असंही एक वक्ते म्हणाले. नव्हते हो! त्यांना एक इच्छा होती, आणि ती नव्या पेठेतल्या झाडून सगळ्या दुकानदारांना पाठ होती. त्यांना आपल्या फटफटीला पुढचं मडगार्ड हवं होतं.

हसू नका. किंवा हसा. ते असतानाही आपण हसतच होतो.

लढाई संपल्यावर लष्करानं पुण्याला जुन्या विलायती फटफट्या लिलावात काढल्या. डॉक्टर आणि अण्णासाहेब जोडीनं गेले. एका कारखान्याच्या, एका रंगाच्या दोन घेतल्या, जुळ्या बहिणींसारख्या. मालगाडीतून येताना एकीवर कुणाची तरी पेटी कोसळली आणि तिचं पुढचं मडगार्ड चेपून तुटलं. सोलापूरच्या फलाटावर अण्णासाहेबांनी धड राहिलेल्या गाडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही माझी." डॉक्टर म्हणाले, "बरं. मडगार्ड काय, कुठंही मिळेल."

कुठंही मिळेल! सज्जनहो, या वाक्यावर त्या माणसानं उरलेला जन्म काढला.

मुंबईहून मागवलं. आलं ते नव्या गाडीचं. भोकं बोटभर अलीकडे. सायकलचं लावून पाहिलं. नेसायला पंचा द्यावा आणि तो कमरेला पुरू नये, तसं दिसलं. मग पत्र्याचं काम करणाऱ्या एका चाचांकडून रॉकेलच्या डब्याचं करून घेतलं. ते असं वाजायचं की रस्त्यातले बैल जू टाकून पळायचे. चाचा स्वतःच म्हणाले, "डाक्टरसाब, इत्ता आवाज तो मेरी बरात में भी नै हुआ था." शेवटी चामड्याचं केलं. ते गल्लीतल्या कुत्र्यांनी नेलं. अडचण अशी होती की त्या गाडीच्या पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला स्प्रिंगा. चाक वर-खाली झालं की मडगार्डही त्याच्याबरोबर हलावं लागतं. दुसरं काहीही लावा, चार खड्ड्यांत गळून पडायचं.

मडगार्ड नसलं म्हणजे काय होतं, हे ज्यांनी फटफटी पाहिली नाही त्यांना सांगतो. पुढचं चाक रस्त्यावरचा चिखल उचलतं आणि थेट तुमच्या तोंडावर मारतं. आपल्याकडची काळी माती! पाऊसकाळात डॉक्टर खेड्यावर पोचायचे ते होळीतून आल्यासारखे. बाळंतिणीच्या दारात बायका म्हणायच्या, "डाक्टर, आदी तोंड धुवा, मग नाडी बगा की." पोरं "चिकल्या डाक्टर आला, चिकल्या डाक्टर आला" म्हणत मागं धावायची. डॉक्टर तोंड धुवायचे आणि नाडी बघायचे.

आणि या सगळ्या काळात, सज्जनहो, त्या गाडीला नेमकं बसणारं मडगार्ड याच गावात होतं. नव्या पेठेतच होतं. अध्यक्षांच्या ओसरीवर, पांढऱ्या खोळीखाली.

अण्णासाहेबांचे गुडघे धरले, तेव्हापासून ती फटफटी चालली नाही. दसऱ्याला खोळ निघते, झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागतं, पुन्हा खोळ चढते. गाडीत तेल नाही. चाकात हवा नाही. मडगार्ड मात्र असं लखलखीत, की त्यात बघून भांग पाडावा.

डॉक्टर अण्णासाहेबांना तपासायला जायचे तेव्हा आधी खोळीचं टोक उचलायचे. मग आत जाऊन अण्णासाहेबांची छाती बघायचे. मी बरोबर असायचो. हे दोघांचं बोलणं मी शंभरदा ऐकलं आहे.

"अण्णासाहेब, नुसतं पडून आहे हो. द्या मला."

"देईन की. माझ्या मागं घेऊन जा."

"नक्की?"

"माझा शब्द आहे, त्र्यंबक. पण तोवर औषधात गडबड करू नकोस."

सगळी ओसरी हसायची. मीही हसायचो. काय सुंदर व्यवहार! रोग्याच्या मरणावर वैद्याचा हक्क, आणि रोग्याचं जगणं त्याच वैद्याच्या हातात. न्यायशास्त्र शिकताना आमच्या गुरुजींनी इतकं चोख उदाहरण कधी दिलं नाही.

मग अण्णासाहेबांना न्यूमोनिया झाला. अध्यक्षमहाराज, आपल्याला ते दिवस आठवत नसतील, आपण शुद्धीत नव्हतात. चिरंजीवांनी गंगेचा गडू काढून ठेवला होता. तुळशीपत्रं धुऊन ठेवली होती. धाकट्या सूनबाईंनी तर पाहुण्यांची अंथरुणंसुद्धा मोजली. एकटे डॉक्टर उशाशी बसून होते. पोटीस बांधत होते, शेक देत होते, चमच्यानं औषध घालत होते. घाम फुटला, ताप उतरला, आणि डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "शास्त्री, मडगार्ड गेलं. म्हातारा वाचला." आणि माझ्याकडे पान मागितलं.

बरं वाटल्यावर अण्णासाहेब जरीचा शेला द्यायला निघाले. डॉक्टर म्हणाले, "शेला नको. ते मडगार्ड द्या." अण्णासाहेबांनी खोळीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि म्हणाले, "ते काढलं तर माझी गाडी उघडी दिसेल रे."

गाडी उघडी दिसेल. खोळीखाली!

डॉक्टर शेला न घेता निघाले. ओसरीवरून उतरताना म्हणाले, "ठीक आहे. मी थांबतो."

थांबले नाहीत. पंधरा-सोळा दिवसांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वाडीतून बाळंतीण सोडवून परत येत होते. नाल्याजवळ चिखल होता. मागून बैलगाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यानं मला सांगितलं ते त्याच्याच शब्दांत सांगतो. "चष्म्यावर चिकल आला हुता. येका हातानं चष्मा पुसत हुते डाक्टर. तेवड्यात गाडी घसरली की. मी हाक मारली, पर उटलेच न्हाईत."

मी कुणावर ठपका ठेवत नाही. चिखलावर खटला भरता येत नाही.

दहाव्या दिवशी आपण सगळे तळ्याकाठी होतो. डॉक्टरांना मूलबाळ नाही, धाकटे भाऊ बापूराव विधी करत होते. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले. एकही खाली येईना. बापूराव हात जोडून म्हणाले, "वहिनींना अंतर देणार नाही." कावळे बसून. "दवाखाना चालू ठेवू." कावळे बसून. कुणी काशीयात्रा बोललं, कुणी अन्नदान बोललं. आणि एवढ्यात मागून डॉक्टरांचा कंपाउंडर ओरडला, "अहो, मडगार्ड म्हणा की मडगार्ड!"

लोक हसले. मग लोकांचं हसणं एकेक करून थांबलं. मग सगळ्यांनी अण्णासाहेबांकडे बघितलं.

एक शब्द हवा होता, सज्जनहो. "देतो." तीन अक्षरंही नाहीत त्यात.

अण्णासाहेबांनी घड्याळ काढलं. बघितलं. आणि म्हणाले, "गुरुजी, ऊन चढतंय. दर्भाचा कावळा करा आणि शिववा."

गुरुजींनी केला. शास्त्रात तशी सोय आहेच. आपलं शास्त्र मोठं दयाळू. गाय नसली तर नारळ चालतो, सोनं नसलं तर सुपारी चालते, कावळा आला नाही तर दर्भाचा चालतो. प्रत्येक गोष्टीला प्रतिनिधी आहे. मी सगळी पोथी पुन्हा चाळली. दिलेल्या शब्दाला प्रतिनिधी कुठं सापडला नाही.

संध्याकाळी मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "शिवला का?" मी म्हणालो, "दर्भाचा." त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून इथंच आहेत." तेव्हापासून त्या रोज जेवणाच्या आधी एक वाढलेलं पान कावळ्यासाठी अंगणात ठेवतात, आणि कावळा त्याला शिवल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. कावळा काही शिवत नाही. बापूराव पाया पडले, मी रागावून पाहिलं. वाळत चालल्या आहेत बाई.

आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा दिवाणजी वहिनींच्या दारात उभा. निरोप असा, की डॉक्टरांची फटफटी आता तुम्हाला काय कामाची? तिचं इंजिन चांगलं आहे. आमच्या गाडीला बसेल.

अण्णासाहेब, उठू नका. आपण अध्यक्ष आहात. अध्यक्ष मधेच गेले तर सभा अनाथ होते.

वहिनींनी दिलेलं उत्तर दिवाणजींनी आपल्याला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. त्या म्हणाल्या, "इंजिन फुकट न्या. सगळी गाडी न्या. आधी ते मडगार्ड या गाडीला बसवा, अंगणात आणून उभी करा, आणि मला त्या पानावर कावळा बसलेला बघू द्या." एवढंच. त्या बाईचं अन्न आपल्या ओसरीवर अडकलं आहे, अण्णासाहेब.

मला आणखी बोलायचं नाही. डॉक्टर त्र्यंबकरावांना या गावानं हसण्याखेरीज फारसं काही दिलं नाही. आता थोडी शांतता देऊ या. सगळ्यांनी कृपा करून उभं राहावं. पागोटी, टोप्या असू द्यात. मागच्यांनी खोकू नये. बसायची घाई कुणी करू नये, कारण सभेच्या रिवाजानुसार शांतता संपल्याचं अध्यक्षांनीच सांगायचं असतं. आणि आज त्यांनी ते एकाच शब्दात सांगावं. तो शब्द त्यांना ठाऊक आहे.

तोवर आपण उभे आहोत.