टॅब पुरतो

शिफ्ट सुटल्यावर हेतल बोईसर स्टेशनबाहेर नवापूरच्या शेअर रिक्षात येऊन बसली. शेजारी एक कॉलेजची मुलगी होती आणि पलीकडे तिचा बाप. रिक्षा भरेपर्यंत हलणार नव्हती. हेतलने डोळे मिटले, पण कान थोडेच मिटतात!

"कॉलेजात काय बोलले गो?"

"लॅपटॉप लागेल बोलले."

"आपला टॅब हाय ना? दाखवला नाय त्यांना?"

"दाखवला."

"बोटीवर नेला, खारा वारा खाल्ला, तरी काय झाला नाय त्याला. लाइट गेली तरी चालतो."

"चालतो बाबा. पण कॉम्प्युटरच्या कोर्सचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चढत नाय."

"कीबोर्ड जोडू त्याला. भावेशच्या पोरीनं जोडलाय की."

"तिला नुसतं टाईप करायचं असतं."

"अगो, यंदा मासळीच नाय..."

"मी मागितला काय?"

रिक्षावाल्याने पुन्हा "नवापूर, नवापूर" असा पुकारा केला. कोणी आलं नाही.

"मग आता कसा करायचा?"

"केला मी. कॉम्प्युटर सोडला. बीएला नाव घातलं, इतिहास घेतला."

"तिथं लॅपटॉप नको?"

"नको. वाचायचंच असतं. टॅब पुरतो."

"बघ!" बापाचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी पयल्यापासून सांगतोय, पुरतो म्हणून!"

"हां बाबा."

"मग अशी गप का बसलीस?"

"दमले."

हेतल डोळे न उघडताच कडेला सरकली आणि मुलीला टेकायला जागा करून दिली.