मशीनच्या तालावरची कॅसेट

मला गाणी कुठून सुचायची, असं विचारता ना? बायकोच्या शिलाई मशीनवरून. ती कपडे शिवायची आणि मी त्या खटखटीवर शब्द बसवायचो.

पहिल्या कॅसेटच्या वेळी त्या खटखटीनंच घोळ केला. सात गाणी झाली, पण आठव्यात ढोलकीवाला नामदेव दर वेळी पुढे पळायचा. स्टुडिओ दुपारपर्यंतच आमचा होता आणि कॅसेट दसऱ्याच्या गर्दीत विकायची होती. शेवटी मी घरी गेलो आणि ताल धरायला मशीन आणि बायको, दोघींना रिक्षात घालून घेऊन आलो.

तिनं पाय मारला, तर मशीनही भलतीच पळायला लागली.

"काहून वं?" मी विचारलं.

"खाली कपडा नाही तं पळणारच ना जी," ती म्हणाली. "शिवाले काही द्या."

कोणाजवळ काही नव्हतं. नामदेवनं अंगातला कुर्ता काढून दिला. "याची बगल फाटली आहे, वैनी. घ्या."

तो बनियनवर ढोलकीला बसला, ती शिवू लागली आणि अख्खं गाणं एका दमात झालं. मशीनचा आवाजही टेपवर आला, पण तो गोडच लागला. माझ्या जिवात जीव आला.

नामदेव कुर्ता घालायला गेला, तर हातच आत जाईना. बगल केव्हाच शिवून झाली होती. गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून बायकोनं दोन्ही बाह्या आणि गळासुद्धा बंद करून टाकला होता.

नामदेव कुर्त्याकडे पाहत म्हणाला, "भाऊ, पुढच्या खेपेले एक कडवं कमी लिहा. डोकं तरी जाईन."