पट्टीखाली झाकलेली अक्षरं

माहेर माझं ईटचं, भूम तालुक्यातलं. आमी बौद्ध वस्तीतले, बापाला पाच लेकरं, म्या चौथी, आन् वस्तीत शिकायचं लई वेड, म्हणून बाप मजुरीला जायचा पण मला सातवीपतूर शाळेत धाडलं त्यानं. माझं नाव सुभद्रा. तुमी माझी गोष्ट लिहून घ्यायला आलाव आन् वहीवर लिहून इचारायलाव ते बरं केलं ताई, म्या वाचते आन् तोंडानं सांगते, मला ऐकू येत न्हाय पण बोलता येतंय, हे लोकांच्या डोक्यात शिरतच न्हाय, काय सांगू तुमाला.

लग्न होऊन इकडं आले तर सासरची सगळी खव्याच्या भट्टीवर कामाला. आमच्या भागात दूध लई, म्हणून भट्ट्या लई. पोरगं रांगत होतं तवा मला ताप भरला, अकरा दिवस, ताप उतरला आन् कान गेले ते गेलेच. आधी लोकं वरडून बोलायची, मग हसायची, मग बोलायचीच बंद झाली. भट्टीवर मातर कानाचं काम न्हाय. दूध आटत आलं की उलथनं हाताला जड लागतंय, वास बदलतोय. तेवढ्यावर पंचवीस वर्षं खवा केला म्या, एक कढई करपू दिली न्हाय. माझे घरधनी वारले, पोरगा पुण्याला कंपनीत लागला, सून माझ्याजवळ राहिली, पण भट्टी म्या सोडली न्हाय.

मग आमच्या बचत गटाला मोटारीवर फिरणारी कढई मिळाली. ती चालवायला दोघीच पायजेत, बाकीच्यांनी दूध आणायचं, भांडी घासायची. कोण दोघी, तर मोबाईलवर व्हिडिओ येणार, तो बघून शिकायचं, मशीन बसवणारा माणूस येऊन इचारील तवा ज्या नीट सांगतील त्या. विमलअक्का आमची अध्यक्ष, ती मला म्हणली, सुभद्रे, तू भांड्यावर राहा. म्हणली म्हंजी काय, हातानं भांडी घासायची खूण केली. जिनं जिंदगीभर खवा केला तिला घासणीची खूण. मला लई राग आला, पण गिळला.

माझी सून प्रज्ञा, तिनं माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं, आत्या, व्हिडिओत खाली लिहून येतंय. असं लिहून येतंय हे मला ठाऊकच नव्हतं. बाई बोलती आन् ती काय बोलती ते खाली ओळीनं येतंय, म्हंजी कान गेल्यापासनं पहिल्यांदा माझी सोय कुणीतरी केलेली. लई खुशीनं बघायला बसले. तर त्या ओळींवर पट्टी. तालुक्याचे एक पुढारी हात जोडून उभे, शेजारी त्यांचे चार चेले, वाढदिवसाच्या शुभेच्छा. गावोगाव व्हिडिओ त्यांच्या हापिसातनं जायचे, धाडायच्या आधी त्यांच्या माणसानं ती चिकटवलेली. अक्षरांची निस्ती डोकी दिसायची, एखादी वेलांटी, एखादी मात्रा, टिंब. बाकीचं सगळं ह्यांच्या जोडलेल्या हाताखाली. दोन दिवस म्या त्या डोक्यांवरनं वाचायचा खटाटोप केला ताई. डोळं दुखून आलं, शिसारी आली.

प्रज्ञाला घेऊन त्या पुढाऱ्याच्या हापिसात गेले. पट्ट्या चिकटवणारा तिथंच बसलेला, तोंडात गुटखा. म्हणलं, भाऊ, पट्टी काढा न्हायतर वर सरकवा, खालचं वाचू द्या. त्यानं कागदावर लिहिलं, साहेबांचा फोटो कसा काढायचा? मग लिहिलं, गटात अशा किती बाया हायत? म्या म्हणलं, एक. तर हसला, हात झटकला आन् बाजूच्या डब्यात थुकला. एकच हाय म्हणल्यावर माणूस न्हायच का ती?

मग प्रज्ञानंच ज्यांनी तो बनवला त्यांचा मूळ व्हिडिओ मोबाईलवर हुडकून काढला, बिनपट्टीचा. रोज दुपारी थांबवून थांबवून वाचला म्या, वहीत उतरवला. मशीन बसवणारा आला, त्याला म्हणलं लिहून इचारा, तो बिचारा लिहीत गेला, म्या सांगत गेले. आमच्या बायांनी व्हिडिओ गप्पा मारत ऐकलेला, त्यांना निम्मंबी आलं न्हाय. विमलअक्कानं आपणहून मशीनची चावी माझ्या हातात दिली. तेवढं तिचं चांगलंच म्हणावं लागंल.

इथवर बरं चाललं होतं. मग तीच पुढाऱ्याची माणसं कॅमेरा घेऊन आली. बहिऱ्या बाईची भरारी, असा व्हिडिओ करायचा म्हणली. म्हणलं करा, मला सांगायचंच हाय. कढईपाशी उभी राहून बोलले, कानावाचून माझं काम अडलं न्हाय, लिहिल्यावाचून अडलं, व्हिडिओखाली लिहीत जा, लिहिलेलं झाकू नका, माझ्यासारख्या गावोगाव असत्याल. दोनदा तीनदा तेच बोलले. त्यांनी माना हलवल्या.

व्हिडिओ आला. त्यात खाली एक अक्षर न्हाय. पण माझं तोंड हलताना दिसलं, मला वाटलं, चला, आपलं म्हणणं पोचलं. भूमच्या बाजारात लोकं बोट दाखवायची, म्या हसायचे. आमच्या विहारातल्या बाया तेवढ्या तोंड फिरवायच्या, पण मला वाटलं नेहमीचंच हाय, बहिरीशी कोण बोलत बसतंय.

प्रज्ञा तवा पंधरा दिवस माहेरी गेलेली, भावाच्या लग्नाला. परत आली, तिनं व्हिडिओ लावला आन् तिचा चेहराच उतरला. वही घेऊन लिहायला बसली. आत्या, ह्यात आवाज तुमचा न्हाय. कुण्या तरण्या पोरीचा हाय. ती पोरगी म्हणायली, मी घरात खितपत पडले होते, साहेबांनी हाताला धरून उभं केलं, साहेबच माझे कान झाले.

ताई, दुसऱ्याचं उष्टं कुणी आपल्या तोंडात कोंबावं तसं झालं मला. माझा आवाज भसाडा असंल, तेवढा बदलला असता तर म्या काय म्हणले नसते. बोलणंच बदललं. ऐकू येणाऱ्या माणसाच्या तोंडात असं खोटं घालायला लोकं भेतात. माझं भ्या कुणाला? मला कळणारच न्हाय, हे धरूनच केलं त्यांनी. आन् विहारातल्या बायांना वाटलं, सुभद्रा विकली गेली. काढा म्हणून त्यांच्या हापिसात तीनदा सांगून आले, अजून फिरायलाय तो व्हिडिओ. किळस आलीय मला ह्या माणसांची.

आता काय, कढई रोज चालू हाय. खवा चांगला होतोय, कुणाच्याबी लेकराबाळांनी खावा, त्या पुढाऱ्याच्या घरीबी जात असंल, जाऊ द्या, खव्याचा काय गुन्हा. तुमचंबी भलं होवो ताई. पण हे लिहिलेलं आधी मला दाखवा, एकेक ओळ वाचते म्या. मग कागद घेऊन विहारात जाईन आन् सगळ्या बायांपुढं उभी राहून सोता वाचीन. भसाडा तर भसाडा, आवाज माझा असंल.