काशीरामचे हात

आग्नेल: नाही म्हणजे नाही, डेन्झिल! दुपारी वायरमन येतोय. तुझे सगळे सेन्सर काढून जुन्या ट्यूब लावेल. बाटल्यांच्या झाकणांचा कारखाना आहे हा, भुताटकीचा खेळ नाही.

डेन्झिल: पप्पा, माणूस नसेल तिथला दिवा विझवतात, एवढंच करतात ते बिचारे. गोडाऊनमध्ये दिवसभर कुणी फिरकत नाही, तरी ट्यूब जळत असायच्या.

रेजिना: गोडाऊनचं सोड रे बाबा. आम्ही पॅकिंगवाल्या बाराला प्रार्थनेला उभ्या राहतो, तेव्हा आम्ही माणसं नसतो काय? दोन 'नमो मारिया' होत नाहीत तोच गुडूप अंधार!

डेन्झिल: आंटी, तुम्ही हलतच नाही. त्याला वाटतं, कुणी नाहीच.

रेजिना: मग, प्रार्थनेत नाचू? पहिल्या दिवशी बेला किंचाळली आणि सगळ्या हातवारे करत सुटल्या. तेव्हापासून हेल्पर काशीरामला मागे उभा केलाय, हात हलवायला. आम्ही देवापुढे हात जोडतोय, आणि हा मागे गोखिवरे नाक्यावरच्या हवालदारासारखा! हसू दाबता दाबता आमेनसुद्धा नीट निघत नाही.

आग्नेल: ऐकलंस?

डेन्झिल: ऐकलं. काढा मग. अंधेरीची नोकरी सोडून तुमच्या जोडीला आलो, आणि माझं पहिलंच काम तुम्ही उखडणार. मग उद्यापासून माझा डबा परत अंधेरीला.

आग्नेल: धमकी देतोस बापाला?

डेन्झिल: नाही हो. वाईट वाटलं, म्हणून बोललो.

रेजिना: भांडा नंतर, बारा वाजले. काशीराम, आज तू पण हात जोड बाबा. दिवे जायचे तर जाऊ देत. कुणी हलायचं नाही. बेला, किंचाळायचं तर मुळीच नाही!

(मशीनं थांबतात. प्रार्थना सुरू होते. थोड्या वेळात सगळे दिवे जातात. कुणीही हलत नाही.)

रेजिना: ...आमेन. अगं बाई! डोळे सरावले तसं दिसायला लागलं की. बेला, तुझ्या पुढ्यातलं झाकण तडकलेलं आहे बघ.

डेन्झिल: थांबा, कुणी हलू नका! पप्पा, वर बघा. हा उजेड कुठून येतोय?

आग्नेल: ते... अरे, ते पारदर्शक पत्रे! शेड बांधली तेव्हा मीच बसवलेले. तेव्हा इथे सातिवलीत रोज लाईट जायची. तुझी आई म्हणाली, छपरातून ऊन घ्या. पुढे लाईट जायची थांबली, आणि मी वर बघायचंच सोडलं.

रेजिना: धूळ केवढी बसलीय! तरी एवढं दिसतंय.

डेन्झिल: धुतले तर दिवसा इथे एकही दिवा लावायला नको, पप्पा! काशीरामचे हातही सुटले.

आग्नेल: डेन्झिलच्या आईला सांगू नका रे कुणी. वर्षभर ऐकवेल मला.

रेजिना: मीच सांगणार! रविवारी मिस्सा झाली की, चर्चच्या दारातच.

डेन्झिल: मग वायरमनला नको म्हणून कळवू?

आग्नेल: येऊ दे त्याला. पकड घरी ठेव म्हणावं, लांब शिडी घेऊन ये. आणि तुझ्या सेन्सरना कुणी हात लावायचा नाही.

डेन्झिल: आणि पप्पा... माझा उद्याचा डबा?

आग्नेल: इथेच आण. आईला सांग, दोघांचा एकत्र भर.